कान टोचण्याआधी आणि टोचल्यानंतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या दवाखान्यात कान टोचून घ्यायला तान्ह्या बाळांपासून साठीच्या आजींपर्यंत सगळे येतात, आणि प्रश्न साधारण तेच असतात. टोचण्याचं काम दोन मिनिटांत आटपतं. भोक बरं व्हायला कानाच्या पाळीत दीड-दोन महिने लागतात, वरच्या कानात टोचलं तर कधी कधी वर्षही लागतं. तक्रार घेऊन परत येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा कान टोचला नीट गेलेला असतो, पण नंतर त्याला फार हात लागलेले असतात. म्हणून खाली नंतरच्या काळजीबद्दल जरा जास्तच लिहिलं आहे.

बाराव्या दिवशी, बारशालाच कान टोचायला हवेत का?

नाही. आजीआजोबांचा आग्रह असतो हे आम्हाला माहीत आहे, आणि त्या आग्रहामागे प्रेमच असतं. पण ज्या परंपरेचा दाखला दिला जातो त्या परंपरेतही घाई नाही. सुश्रुतसंहितेत, सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात, कर्णवेध सहाव्या किंवा सातव्या महिन्यात करावा असं सांगितलं आहे.

आमचा सल्ला असा: बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला पेंटाव्हॅलंट लस मिळते. तिच्यात धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी या दोन्हींपासूनचं संरक्षण असतं. तिन्ही डोस झाले की मग टोचा, म्हणजे साधारण चौथ्या महिन्यानंतर. दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं आहे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर डॉक्टर तो कधीच हलक्यात घेत नाहीत, तपासण्या होतात, अनेकदा दाखल करावं लागतं. कानाच्या एवढ्याशा जखमेपायी बाळाला त्यातून नेण्याची गरज नाही. शिवाय बारशाच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरत असतं आणि प्रत्येक जण नवे कान बघायला हात लावतो.

बारशाला आत्याने कानात कुर्रर्र करून नाव सांगू दे, सुंकली (बाळाच्या कानात घालायच्या सोन्याच्या बारीक तारा) देवापुढे ठेवा, आणि टोचणं पुढे न्या. शास्त्रही झालं आणि बाळही सुखरूप राहिलं.

मग सगळ्यात सोयीचं वय कोणतं?

चार ते आठ महिने हा काळ सोपा जातो. त्यानंतर बाळ कान ओढायला लागतं, रांगायला लागतं, आणि एकदा भोक पाडल्यावर दुसरा कान पुढे करायला अजिबात तयार होत नाही. हा काळ हुकला तर मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत थांबायला काही हरकत नाही. तेव्हा ते स्वतः हट्टाने मागतं, समजावलेलं ऐकतं आणि काळजी घ्यायला मदत करतं. मोठेपणी मुलगी स्वतः ठरवेल असं म्हणून थांबणारे आईवडीलही आता बरेच भेटतात, तेही योग्यच आहे. फक्त घरात कोणाला केलॉइडचा, म्हणजे जखमेवर वाढत जाणाऱ्या गाठीचा त्रास असेल तर लक्षात ठेवा की ही गाठ अकरा वर्षांनंतर टोचलेल्या कानांत जास्त दिसते.

सोनाराकडे टोचावेत, डॉक्टरकडे की पार्लरमध्ये?

पाटीवर काय लिहिलंय त्यापेक्षा टोचणाऱ्याचे हात बघा. हात साबणाने धुतले का? नवे हातमोजे घातले का? सुई बंद पाकिटातून तुमच्यासमोर काढली का, आणि काम झाल्यावर ती टाकून दिली का? कानात घालायचा दागिना निर्जंतुक केला का, की डबीतून काढून नुसता स्पिरिटने पुसला? यांपैकी एकाही प्रश्नाला टाळाटाळ झाली तर तिथून उठा. अनेक गावांत पिढीजात सोनार अतिशय सफाईने कान टोचतात, त्यांच्या हाताला जागेचा अंदाज असतो आणि तार वळवण्याचं कसब डॉक्टरांकडेही नसतं. पण एकाच सुईने किंवा एकाच तारेने चार जणांचे कान टोचले जात असतील तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही या तिन्हींचा धोका असतो. जत्रेत, रस्त्याकडेला, घाईगर्दीत टोचून घेऊ नका.

गन शॉट लवकर होतो आणि कमी दुखतो म्हणतात. खरं का?

लवकर होतो, हे खरं. पण गनमधून, म्हणजे कान टोचायच्या पिस्तुलासारख्या यंत्रातून, सुई जात नाही, दागिन्याची दांडीच जोराने आरपार जाते. तिचं टोक सुईइतकं धारदार नसतं, त्यामुळे कातडी कापली जाण्याऐवजी चिरडते. शिवाय बऱ्याच गन प्लास्टिकच्या असतात, त्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या गरम वाफेच्या यंत्रात घालून निर्जंतुक करता येत नाहीत. पाळीपुरती, आणि ज्यात कानाला लागणारा सगळा भाग एकदाच वापरून फेकायचा असतो अशी गन असेल तर चालू शकेल. कानाच्या वरच्या भागात मात्र गन कधीही वापरू देऊ नका. तिथे कूर्चा (कार्टिलेज, म्हणजे कानाला आकार देणारा लवचिक, हाडासारखा भाग) असते, जोराच्या दाबाने तिला तडा जाऊ शकतो. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात 2000 साली एका दुकानात वरचे कान टोचून घेतलेल्या अनेकांना सुडोमोनास जंतूची लागण झाली होती, त्यांतल्या काहींना रुग्णालयात दाखल करावं लागलं. शोध घेतल्यावर जंतू सापडले ते जंतुनाशकाच्याच बाटलीत.

पहिल्यांदा कानात काय घालावं?

आपल्याकडे सोनं घालतात आणि ते चांगलंच आहे. 22 कॅरेटच्या सोन्यात सहसा तांबं आणि चांदी मिसळलेली असते, त्यामुळे ते बहुतेकांना सोसतं. मात्र 2 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि बाळाची सुंकली त्याहून हलकी असतात. तेव्हा ओळखीच्या पेढीवरून घ्या आणि पावतीवर कॅरेट लिहून मागा. मोठ्यांसाठी वैद्यकीय दर्जाचं टायटॅनियम हा उत्तम पर्याय आहे. पांढऱ्या सोन्यात निकेल असू शकतं, त्याची काहींना ॲलर्जी असते. चांदी ताज्या जखमेत काळी पडते. बेंटेक्स, ऑक्सिडाइज्ड, एक ग्रॅम सोन्याचं पाणी दिलेलं, हे सगळं भोक पूर्ण बरं झाल्याशिवाय नको.

बाळासाठी टोक आत दुमडून नीट बंद केलेली तार बरी, कारण फिरकी निघून तोंडात जायची भीती राहत नाही. बोट फिरवून बघा, टोक कुठेही टोचता कामा नये. खडे घालायचेच असतील तर मळसूत्राची घट्ट फिरकी असलेले घ्या, नुसती दाबून बसवायची फिरकी नको.

आजीच्या मोत्याच्या कुड्या पहिल्याच दिवशी घालायची इच्छा अनेकींना असते. मोती ऑटोक्लेव्हची उष्णता सोसत नाहीत आणि तारेच्या वेटोळ्यांत मळ बसतो. कुड्या तीन-चार महिन्यांनी घाला, जास्त शोभतील.

बुगडी किंवा भिकबाळीसाठी टोचायचं असेल तर?

इथे जरा थांबा आणि नीट विचार करा. गणपतीच्या आधी ढोलपथकातली मुलं-मुली यासाठी येतात आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना हे पाळीसारखंच एक भोक वाटतं. बुगडी आणि भिकबाळी दोन्ही कानाच्या वरच्या कडेला बसतात, म्हणजे कूर्चेत. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, ती वरच्या पातळ आवरणातून पोषण घेते. म्हणून जखम सावकाश भरते, चार महिन्यांपासून वर्षापर्यंत. तिथे जंतू शिरले आणि आवरणाखाली पू साठला तर कूर्चा विरघळते आणि कानाचा आकार कायमचा बिघडतो.

पथकाचा सराव सुरू असताना घाम, धूळ, फेट्याचा दाब, येताजाता हेल्मेट, हे सगळं रोजचं. अशा वेळी ताजी भिकबाळी म्हणजे दुखणं ओढवून घेणं. मिरवणुकीपुरती हवी असेल तर दाबाची घ्या, बुगडीही दाबाची मिळते आणि लांबून फरक कळत नाही. कायमची हवी असेल तर उत्सव संपल्यावर टोचा, पोकळ सुईने, आणि आधी बाळी न घालता सरळ दांडीचा दागिना घाला. सूज येईल हे धरून ही दांडी थोडी लांब ठेवतात, सूज उतरल्यावर दाखवून आखूड घालून घ्यायची.

दोन्ही भोकं एका रेषेत येतील का?

येतात, पण त्यासाठी वेळ द्यावा लागतो. आम्ही बाळाला आईच्या मांडीवर, तोंड आमच्याकडे करून, सरळ बसवतो आणि त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन दोन्ही पाळ्यांवर निर्जंतुक पेनने ठिपका देतो. मग दोन पावलं मागे जाऊन बघतो. जवळून सारखे वाटलेले ठिपके लांबून हमखास एक वर, एक खाली दिसतात. पुसायचे, पुन्हा द्यायचे. ठिपका पाळीच्या खालच्या कडेपासून पुरेसा वर हवा, नाहीतर पुढे झुमक्यांच्या वजनाने पाळी ओघळते. मागून छोट्या विजेरीचा उजेड टाकला की पाळीतल्या बारीक शिरा दिसतात, त्या चुकवायच्या. उजेडात धरून शिरा टाळून टोचायचं हे तंत्र सुश्रुतांनीही सांगितलं आहे, तिथे विजेरीच्या जागी सूर्यकिरण आहेत.

आईने स्वतः आरशात किंवा समोरून ठिपके बघावेत आणि पटले तरच हो म्हणावं. सुई गेल्यावर जागा बदलता येत नाही.

दुखतं का? बधिर करायची क्रीम लावावी का?

चिमटा बसल्यासारखं क्षणभर दुखतं, मग कान थोडा वेळ गरम वाटतो. वरच्या कानात जास्त दुखतं. मोठ्या मुलांना लिडोकेन-प्रिलोकेनची क्रीम साधारण तासभर आधी लावता येते. बाळाला ती डॉक्टरांना न विचारता लावू नका, तान्ह्या वयात तिचा रक्तावर परिणाम होऊ शकतो. बाळाला लगेच छातीशी घेऊन पाजलं की रडं थांबतं, त्याहून चांगला उपाय आम्हाला तरी ठाऊक नाही. बर्फ लावून येऊ नका, पाळी कडक होते आणि टोचणं अवघड जातं.

येताना काय तयारी करावी?

पोटभर खाऊन या, रिकाम्या पोटी मोठी माणसंही चक्कर येऊन बसतात. आदल्या दिवशी केस धुवा. डोक्यातून काढावा लागणार नाही असा, पुढे बटणांचा कपडा घाला. ताप, सर्दी किंवा कानामागे पुरळ असेल तर दिवस पुढे ढकला. मधुमेह, रक्त पातळ करायची औषधं, हृदयाच्या झडपेचा आजार किंवा आधी केलॉइड झालेला असेल तर आधी सांगा. गरोदर असाल तर बाळंतपणानंतर या. मोठ्यांचं धनुर्वाताचं इंजेक्शन होऊन दहा वर्षं उलटली असतील तर तेही घ्यायला हवं.

रोज साफ कसं करायचं?

आधी हात साबणाने धुवा. औषधाच्या दुकानात नॉर्मल सलाइन, म्हणजे 0.9 टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी मिळतं. त्यात स्वच्छ गॉजचा तुकडा भिजवा, भोकावर पुढून आणि मागून दोन-तीन मिनिटं नुसता धरून ठेवा. दांडीभोवती जमलेली पिवळसर-पांढरी खपली तेवढ्यात मऊ होऊन गॉजला लागून येते. जी येणार नाही ती राहू द्या, नखाने काढू नका. मग कोरड्या गॉजने टिपून घ्या. कापूस वापरू नका, त्याचे धागे तारेत अडकतात. दिवसातून दोनदा पुरे.

फोडलेली बाटली त्याच दिवशी संपवा किंवा टाकून द्या. सलाइन नसेल तर उकळून गार केलेल्या पाव लिटर पाण्यात पाव चहाचा चमचा मीठ, रोज ताजं. मीठ जास्त घालून लवकर बरं होत नाही, कातडी सोलवटते.

सोनाराने रोज तार फिरवायला सांगितली आहे. फिरवावी का?

फिरवू नका. हा सल्ला वर्षानुवर्षं दिला गेला, आम्हीही लहानपणी तोच ऐकला. पण भोकाच्या आत नवी कातडी धरत असते, ती फिरवण्याने दर वेळी फाटते आणि तारेवरची वाळलेली खपली आत ओढली जाते. सलाइनने खपली मऊ होत असेल तर तार चिकटून बसत नाही.

हळद आणि खोबरेल तेल लावलं तर?

घरातली हळद निर्जंतुक नसते, आणि तेलात कालवलेली हळद भोकाच्या तोंडाशी थर धरून बसते. आतला स्राव बाहेर यायला जागा राहत नाही. डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड हे रोज लावल्यानेही नवी कातडी मरते. मलमांचे जाड थरही नकोत. खराट्याची किंवा कडुनिंबाची काडी भोकात घालून ठेवायची पद्धत अजून काही घरांत आहे. ती काडी निर्जंतुक करता येत नाही आणि तिचे कण आत राहतात, ती वापरू नका.

अंघोळ, झोप, हेल्मेट, पोहणं?

अंघोळ रोज करा, शाम्पूचा फेस कानामागे राहू देऊ नका, शेवटी स्वच्छ पाणी ओता आणि टिपून कोरडं करा. बाळाची तेलाची मालीश चालू ठेवा, फक्त कान सोडून. पावसाळ्यात ओले केस कानावर सोडू नका. उशीचा अभ्रा दोन-तीन दिवसांनी बदला. वरच्या कानात टोचलं असेल तर त्या कुशीवर झोपू नका. हेल्मेट घालणं टाळू नका, सावकाश चढवा-उतरवा आणि आतलं अस्तर धुवा. तलाव, नदी, विहीर पाळीसाठी दीड महिना तरी बंद. स्कार्फ आणि टॉवेलचा धागा अडकून कान फाटल्याचे प्रसंग आम्ही पाहिले आहेत, डोक्यावरून कपडा काढताना एक हात कानावर ठेवा.

कान लाल झालाय. पिकलाय की नेहमीचंच आहे?

पहिले काही दिवस थोडी लाली, थोडी सूज, हात लावल्यावर दुखणं आणि पातळ पिवळसर स्राव हे ठीक आहे. दिवसागणिक कमी व्हायला हवं. उलट दुखणं वाढत चाललं, कान गरम लागतो, घट्ट हिरवट किंवा दुर्गंधी पू येतो, लाली पसरते, ताप येतो, तर डॉक्टरांना दाखवा. फिरकी पाळीत रुतून दिसेनाशी झाली तर त्याच दिवशी या.

पिकलेल्या भोकातला दागिना घाबरून घरी काढू नका. भोक वरून मिटतं आणि पू आत कोंडतो. काढायचा का, ते डॉक्टर ठरवतील.

वरचा कान लाल, सुजलेला, ठणकणारा आणि खालची पाळी मात्र नेहमीसारखी, असं दिसलं तर एकही दिवस थांबू नका. हे कूर्चेच्या आवरणाचं दुखणं असतं आणि त्याला योग्य प्रतिजैविक वेळेत मिळावं लागतं. घरातल्या जुन्या गोळ्या त्यावर चालत नाहीत.

पू नाही, दुखत नाही, पण दोन्ही कानांना सारखी खाज येते आणि भोवती बारीक पुरळ आहे, तर बहुधा निकेलची ॲलर्जी आहे. दागिना बदलून घ्या.

भोकाजवळ गाठ आली आहे.

भोकाच्या कडेलाच असलेला छोटा लालसर फुगवटा बहुतेकदा दाबाने, घासण्याने येतो आणि कारण दूर झालं की बसतो. केलॉइड वेगळा. तो काही महिन्यांनी सुरू होतो, भोकाच्या बाहेर पसरत वाढतो आणि आपोआप जात नाही. सावळ्या कातडीत तो जास्त दिसतो. त्वचारोगतज्ज्ञ त्यात स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. नुसता कापून काढला तर पुष्कळदा पहिल्यापेक्षा मोठा येतो, त्यामुळे गाठ कापून देतो म्हणणाऱ्याकडे घाईने जाऊ नका.

लग्न तोंडावर आहे. झुमके कधी घालता येतील?

पहिला दागिना दीड-दोन महिने काढायचा नाही. त्यानंतर हलके खडे. जड झुमके आणि वेल घालायचे असतील तर लग्नाच्या निदान तीन-चार महिने आधी टोचा, आणि वेलाचा भार केसांत अडकवून पेलवा. पहिलं वर्षभर कान रिकामे ठेवू नका, भोक आकसतं. ताज्या भोकातून दागिना निसटला तर काही तासांतही ते मिटायला लागतं. हात धुवा, दागिना सलाइनने स्वच्छ करा, सहज गेला तर घाला. जात नसेल तर जोर करू नका, आमच्याकडे या.

आईच्या पाळ्या ओघळून भोक खालपर्यंत फाटलंय. काही करता येतं का?

येतं. पाळी बधिर करून कडा ताज्या करतात आणि टाके घालतात, त्याच दिवशी घरी जाता येतं. पुन्हा टोचायला तीनेक महिने थांबायचं आणि टाक्याच्या व्रणाच्या बाजूला टोचायचं. ‘विना ऑपरेशन कान जोडून मिळतील’ अशा पाट्यांपासून आईला दूर ठेवा. तिथे बऱ्याचदा ॲसिडसारखं रसायन लावून कडा भाजतात आणि चिकटवतात. त्यात पाळी भाजल्यावर नीट टाके घालायलाही कातडी उरत नाही.

कान टोचल्याने दृष्टी सुधारते, मायग्रेन जातं, असं ऐकलं आहे.

याला भरवशाचा पुरावा नाही. कानाच्या आतल्या घडीत टोचून घेतलं की डोकेदुखी थांबते अशी जाहिरात सध्या खूप चालते. ती जागा कूर्चेची आहे आणि बरी व्हायला कित्येक महिने घेते. डोकं दुखत असेल तर त्यासाठी डॉक्टरांना दाखवा. कान हौसेने टोचा, घरच्या रीतीसाठी टोचा, ती कारणं पुरेशी आहेत.

टोचल्यावर रक्तदान करता येतं का?

लगेच नाही. रक्तपेढी सहसा वर्षभर थांबायला सांगते. नियमित रक्तदान करत असाल तर आधी एकदा रक्त देऊन या आणि मग टोचून घ्या, आणि पुढच्या शिबिरात फॉर्म भरताना टोचल्याची तारीख न विसरता लिहा.